उशाला कोण थांबणार

चोराला बाण लागला तेव्हा गड अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होता. त्यानंतरचा जवळजवळ सगळा रविवार आम्ही गडाच्या विरुद्ध दिशेला चालण्यात घालवला. टेबलावर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मी खेळ चालवणारी. माझं मत धरत नाहीत.

खेळ असा आहे. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो. डोंगर, गावं, राक्षस, हवामान हे सगळं त्याच्या ताब्यात. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही हे फासे ठरवतात. कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा एक फासा एवढ्यावर भागतं. प्रत्येक पात्राच्या कागदावर एक आकडा असतो, त्याला आम्ही जीव म्हणतो. तलवार लागली की जीव कमी होतो, शून्यावर आला की पात्र आडवं. नियमांचं मूळ पुस्तक इंग्रजीत आहे, जाडजूड आहे आणि जिवाच्या बाबतीत फार उदार आहे. त्यात म्हटलंय की पात्र रात्रभर झोपलं की सकाळी सगळा जीव परत मिळतो. हे वाक्य आमच्यात एक महिनाही टिकलं नाही.

आम्ही मिरजेत जमतो. तंबोरे बनवणाऱ्या एका दुकानाच्या वर खोली आहे, दर रविवारी अकराच्या सुमाराला बसतो. खाली रविवारी काम बंद असतं, तरी कुणीतरी एक जण तारा पिळत बसलेला असतो आणि त्याचं वाद्य जुळत नाही. मी सांगलीच्या एका दैनिकात डेस्कवर बातम्या तपासायचं काम करते. संध्याकाळी पानं लावायची असतात, त्यामुळे दुपार कलली की मला उठावं लागतं. सुभेदारांना त्याच सुमाराची परतीची गाडी असते. ते रहिमतपूरकडच्या एका गावचे, फौजेतून निवृत्त झालेले, घरी ऊस. हा खेळ त्यांना पुतण्याने शिकवला. पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला आणि खेळायचा थांबला, सुभेदार राहिले. त्यांचं पात्र ढालकरी आहे, सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणारं.

खोली ज्याची आहे त्याला आम्ही आटपाडीकर म्हणतो. त्याच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता डाळिंब आहे, आणि त्याचं स्वतःचं मिरजेत पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. तो जादूगार. चौथी सिस्टर. इथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे, म्हणजे होती. तिचं पात्र चोर: कुलपं उघडणारी, भिंती चढणारी, अंगाने किडकिडीत, जीव सगळ्यांत कमी.

सिस्टरला जर्मनीत नोकरी मिळाली होती. वर्षभर ती पाळी संपवून भाषेच्या वर्गाला जात होती, आणि आता जाण्याची तारीख आली होती. बाण लागला त्या रविवारसकट तिच्या हातात तीन रविवार होते. आमच्या गोष्टीत तीन वर्षांपासून एक ओस पडलेला गड आहे. तिथे कुणी राहत नाही, कुणी जात नाही, आणि तरी बुरुजावर रोज संध्याकाळी दिवा लागतो. गोष्ट सुरू झाली तीच या दिव्यापासून. सिस्टरने मला फोन करून सांगितलं होतं, "ताई, राक्षस राहू दे, खजिना राहू दे. तो दिवा कोण लावतं तेवढं बघून जायचंय मला."

चहा पिता पिता सांगून टाकते, असं मी म्हटलं होतं. तिने नको म्हटलं. सांगितलेलं तिला नको होतं, चालत जाऊन बघायचं होतं.

म्हणजे काम सोपं होतं. अर्ध्या दिवसाची वाट, एक दरवाजा, एक अंगण, एक बुरुज. दोन रविवारांत सहज झालं असतं. झालं नाही, त्याचं कारण आमचे जिवाचे नियम. ते पुस्तकातले नाहीत, आमचे आम्ही केलेले आहेत, आणि मी त्यांना वेळीच हात घातला नाही.

पहिला नियम सुभेदारांमुळे झाला. पुस्तकातलं झोपेचं वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्याडम, गोळी लागलेला जवान सकाळी पीटीला हजर? आमच्या बटालियनमध्ये तरी न्हाई बघितला कवा." एका रात्रीला एक जीव, असं ठरलं. खेळ संथ झाला, पण पात्रं जपून वागू लागली, त्यामुळे मी खूश होते.

दुसरा नियम आटपाडीकराचा. जखमी पात्राच्या उशाला सोबतीतलं कुणीतरी थांबलंच पाहिजे, नाहीतर त्या रात्रीचा जीव भरणार नाही. यामागे एक हकिकत आहे आणि ती त्याने सगळ्यांना सांगितलेली आहे. त्याची आई मिरजेत दवाखान्यात होती. तो रात्रंदिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर. एकच दिवस डाळिंबाचा माल जायचा होता म्हणून आटपाडीला गेला, आणि त्याच दिवशी गावाकडून जीप भरून माणसं आईला बघायला आली. आई एकटी. आई खडखडीत बरी झाली, आजही रानात जाते, पण लग्नाकार्यात कुणी भेटलं की हे अजून सांगते. मावश्या सांगतात. जीपचा ड्रायव्हरसुद्धा सांगतो. आटपाडीकर ऐकून घेतो. नियम त्याने मांडला तेव्हा कुणी विरोध केला नाही. सुभेदारांना तो फौजेच्या शिस्तीचा वाटला. सिस्टर दिवसभर नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढायचं काम करायची, तिने फक्त कपाळावर हात मारला.

तिसरा नियम कुणी मांडलाच नाही. तो आपोआप आला, आणि आमच्या भागाबाहेरच्या कुणाला तो पटवून देता येईल असं मला वाटत नाही. आमच्याकडे माणूस गावात आजारी पडला की गावचा डॉक्टर बघतो, तालुक्याला न्या म्हणतो, तालुक्याचा सांगली म्हणतो, आणि शेवटी सगळे मिरजेला येतात. माझे खेळाडू गोष्टीतही तेच करू लागले. मी प्रत्येक खेड्यात चांगले वैद्य ठेवले होते. एका म्हातारीच्या हाताला खरीखुरी जादू होती. तिने नुसता हात ठेवला असता तर ढालकरी उठून चालू लागला असता. तिघांनी तिचे आभार मानले, हातावर नाणं ठेवलं आणि विचारलं, इथनं मोठं गाव किती लांब? मग बैलगाडी. वाटेत देऊळ लागलं, तिथला पुजारी जखमा भरून देतो असं मी दोनदा सांगितलं. तिथं सोयी आहेत का, अशी चौकशी झाली. मोठ्या गावात पोचल्यावर तिथल्या वैद्याने बरं वाटेल म्हटलं, तर दुसऱ्याचंही मत घेऊ, असं ठरलं. मध्ये कधीतरी फळं घेऊन भेटायला जाण्याची पद्धत सुरू झाली. जादूगार, ज्याच्याकडे आग पाडायचे मंत्र आहेत, तो बाजारात मोसंब्यांचा भाव करू लागला.

मी ऑफिसात 'प्रकृती स्थिर असल्याचे सांगण्यात आले' हे वाक्य रोज कापते. रविवारी तेच वाक्य मला तोंडाने म्हणावं लागे, दर अर्ध्या तासाने, कारण ते विचारत राहत.

बाणाचा रविवार असा गेला. गड कसा दिसतो हे पाहायला चोर एका जुन्या टेहळणीच्या मनोऱ्यावर चढली. खालून कुणीतरी बाण मारला. फासा वाईट पडला, जीव शून्यावर आला. मनोऱ्याच्या पायथ्याशीच एका संन्याशाची झोपडी होती. ती मी मुद्दाम, हेच होईल म्हणून ठेवली होती. संन्याशाने जखम बघितली, दोन दिवसांत उभी करतो म्हणाला.

"दोन दिवसांत म्हंजे काय करणार तुमी?" आटपाडीकराने त्याला, म्हणजे मला विचारलं.

झाडपाला, मी म्हटलं. मंत्र.

सुभेदार आणि आटपाडीकर एकमेकांकडे बघत राहिले. मला पुढचं कळलं. सिस्टरलाही कळलं. ती म्हणाली, "बांधा मला आणि चला रे. वर्षानुवर्षं बांधते मी माणसांना, काही होत नाही."

"तुमी बेशुद्ध हाय," सुभेदार म्हणाले.

हेही आमच्या पद्धतीतलंच. पात्र जिथे नाही किंवा शुद्धीत नाही, तिथलं खेळाडूने ऐकायचं नाही. म्हणून सिस्टर उठून बाहेरच्या गॅलरीत गेली, आणि तिच्या पाठीमागे तिला शहरात हलवायचं ठरलं. आम्ही आत बैलगाडी मिळवत होतो, ती बाहेर कठड्याला टेकून जर्मन शब्द घोकत होती. गोष्टीतल्या संध्याकाळपर्यंत गाडी शहराच्या वेशीवर पोचली. गड मागे राहिला, दिवा लागलेला दिसतोय असं मी मुद्दाम सांगितलं. कुणी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या रविवारी आम्ही दवाखान्यात होतो. मी म्हटलं, आठवडा गेला, चोर बरी झाली, निघू या. सुभेदार म्हणाले, असं कसं, कुठल्या रात्री कोण थांबलं होतं? मग ते ठरवावं लागलं. ड्युटी लागली. एका रात्री जादूगार दमून झोपला का, यावर फासा टाकायची मागणी झाली, आणि फासा पडला तो असा की तो झोपला. त्या रात्रीचा जीव बुडाला. आटपाडीकर इतका ओशाळला की त्याने सगळ्यांना चहा सांगितला. दुपारपर्यंत चोराच्या अंगात दोन जीव भरले होते, आणि सिस्टर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होती. शुद्धीवर आली होती, म्हणून तिला निदान आत बसता येत होतं.

मी नियम काढून टाकू या म्हटलं. शांतपणे म्हटलं. हे कागदावरचे आकडे आहेत, नियम आपण केले आहेत, आपणच खोडू शकतो. एक माणूस आठ-दहा दिवसांत देश सोडून चाललंय आणि त्याला एक दिवा बघायचा आहे, एवढा साधा प्रश्न आहे.

आटपाडीकराने बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघितलं. "काढा ताई. मी काय न्हाई म्हणत न्हाई. पण लोक इचारतील, पोरगी हितं एकली पडल्याली, आनि तुमी कुठं व्हता?"

मी विचारलं, कुठले लोक? या गोष्टीत मी सांगेन तेवढेच लोक आहेत. गावं मी केली, रस्ते मी केले. मी कुणाला विचारायला पाठवणार नाही.

"लोक असत्यातच," तो म्हणाला.

नियम राहिला. मी घरी जाताना रिक्षात ठरवलं की पुढच्या रविवारी गडच उचलून शहराच्या वेशीवर आणून ठेवायचा. भूकंप, जादू, काहीही. डेस्कवर असं करत नाहीत, पण डेस्कवर असे खेळाडूही नसतात.

ते करावं लागलं नाही. शेवटच्या रविवारी सिस्टर सगळ्यांच्या आधी आली होती. बॅगा भरून झाल्या होत्या, मंगळवारी पहाटे तिची मुंबईची गाडी होती. बसल्या बसल्या तिने फासा हातात घेतला आणि म्हणाली, "मी डिस्चार्ज घेते. माझ्या जबाबदारीवर."

मिरजेत हे वाक्य ऐकलं नाही असं माणूस सापडणार नाही. बरं वाटत नसताना, डॉक्टर नको म्हणत असताना, पेशंटला घरी नेतात तेव्हा ते म्हणतात. मधली एक रात्र धरून तिच्या चोराच्या अंगात तीन जीव होते. एक दगड लागला असता तरी संपली असती.

आटपाडीकर लगेच म्हणाला, "सही नातेवाइकाची लागती."

"मग कर की. तू न्हाईस व्हय नातेवाईक?"

खाली कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. सुभेदारांनी आपला ढालकऱ्याचा कागद जवळ ओढला. "गड्या, कर सही. स्ट्रेचर मी धरतो. पुढनं मी, मागनं तू."

त्याने सही केली. तिच्या कागदाच्या मागच्या बाजूला जादूगाराचं नाव लिहिलं आणि खाली रेघ ओढली. मी लगेच वाट संपवली. कोणी भेटलं नाही, पाऊस नाही, बैल बिथरले नाहीत. कुणी काही विचारायच्या आत आम्ही गडाच्या दरवाजाशी होतो.

स्ट्रेचर म्हणजे दोन काठ्यांना बांधलेलं कांबळं. ते धरल्यावर ढालकऱ्याचे दोन्ही हात गुंतले, ढाल पाठीवर गेली. जादूगाराचेही हात गुंतले, त्यामुळे मंत्र बंद. हे मी स्पष्ट सांगितलं होतं. दोघांनी मान डोलावली. दरवाजाचं कुलूप चोराने झोपूनच काढलं. मला जरा खाली घ्या, डावीकडे, अजून, म्हणत. त्या दहा मिनिटांत ती तीन वर्षांपूर्वीसारखी खेळली. कुलूप निघालं तेव्हा सुभेदारांनी टेबलावर बुक्की मारली.

अंगणात दगडाचा एक द्वारपाल होता. तो हलला. मी सुभेदारांना म्हटलं, स्ट्रेचर टाका खाली, हात मोकळे होतील.

"टाकायचं कसं, पेशंट हाय त्याच्यावर."

मग काय करता?

"ठेवतो. सावकाश."

सावकाश ठेवायला एक डाव जातो. त्या डावात द्वारपालाने दोनदा हाणलं. सुभेदारांचा जीव आमच्यात सगळ्यांत जास्त, पण पाठीवरची ढाल काही अडवत नाही. ढालकरी आडवा झाला. जादूगाराने मोकळ्या झालेल्या हातांनी आग पाडून द्वारपाल फोडला, आणि अंगणात शांतता झाली. समोर बुरुजाचा दरवाजा, फटीतून दिव्याचा उजेड. खाली एक बेशुद्ध माणूस. जवळ एक तीन जिवांची चोर. आणि घड्याळाप्रमाणे उरलेला अर्धा तास.

तिघांनीही एकाच वेळी हिशेब केला असावा. उशाला कुणीतरी थांबणार; तीन जिवांच्या चोराला एकटीला वर पाठवता येत नव्हतं, आणि जादूगार वर गेला तर थांबणारी एकच उरत होती. मी तेव्हा गप्प राहिले असं नाही, मी बोलले. म्हटलं, शेवटच्या पाच मिनिटांसाठी हा नियम बाजूला ठेवू. सुभेदार स्वतः म्हणाले, माझ्यापाशी कोणी थांबू नका, मी मेलो तरी चालंल. सिस्टरने कागद उलटा करून आटपाडीकराची सही बघितली.

"मी थांबते," ती म्हणाली. "तू जा. नीट बघ आणि येऊन सांग मला."

म्हणजे तिला जे नको होतं तेच. ती आणि सुभेदार गॅलरीत गेले. एक बेशुद्ध म्हणून, एक अंगणात आहे म्हणून. दार ओढून घेतलं.

बुरुजावरच्या खोलीचा मजकूर मी तीन वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. एक परिच्छेद, बऱ्याचदा कापलेला, अजून कापायला जागा नसलेला. तो तिघांसमोर वाचायचा होता. मी तो एका माणसासमोर वाचायला घेतला. जादूगाराने दरवाजा ढकलला. खिडकीत दिवा होता, दिव्याशेजारी खाट, आणि खाटेवर एक म्हातारा शिपाई.

आटपाडीकराने हात वर केला. "थांबा ताई. आजारी हाय का त्यो?"

मी म्हटलं, हो. पुढे तेच आहे. जुन्या लढाईत जखमी झालेला, त्याचे सोबती त्याला इथे ठेवून...

"उशाला कोण हाय?"

कोणी नाही, मी म्हटलं. तीच तर गोष्ट आहे. सोबती येतो म्हणून गेले. त्यांना वाट सापडावी म्हणून तो...

"मग मी थांबतो."

मला वाटलं, थांबतो म्हणजे ऐकायला थांबतो. तसं नव्हतं. त्याने जादूगाराचा कागद टेबलाच्या त्या टोकाला, जिथे मी खाट आहे म्हणून दाखवलं होतं तिथे सरकवला आणि त्यावर फासा ठेवला. मी त्याला समजावलं, की तू खाली जाऊन चोराला सांगायचं आहेस. ती त्यासाठी तीन वर्षं बसली आहे. ती परवा जाते आहे.

"खाली गेलो तर ह्याच्यापाशी कोण?"

मी पेन्सिल ठेवली. वीस-पंचवीस वर्षं मी बातम्या कापते. मंत्र्याचं भाषण चार ओळींत बसवलेलं आहे. एका माणसाला एक जिना उतरायला लावणं मला जमत नव्हतं. मी त्याला म्हटलं, हा म्हातारा मी केलाय. तो आजवर मेला नाही, पुढची पाच मिनिटंही मरणार नाही, मी लिहून देते. त्याने मान हलवली. माझं सगळं त्याला पटत होतं. तो गॅलरीच्या दाराकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पडला होता, आणि तो कागद तिथून हलवत नव्हता.

बाहेरून सिस्टरची हाक आली. "झालं का रे? कोण आहे आत?"

नियमाप्रमाणे त्याने उत्तर द्यायचं नव्हतं. तो ओरडला, "पेशंट हाय."

गॅलरीतून सुभेदारांचा आवाज, अगदी थकलेला: "आनि एक?"

दार उघडलं. सिस्टर उंबऱ्यात उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही, कारण अंगणातून खोलीत यायला अजून काही कारण झालेलं नव्हतं. तिने मला विचारलं, खोली केवढी आहे?

मी कागद बघितला. लिहिलेलं नव्हतं. बऱ्यापैकी आहे, मी म्हटलं.

"मग ढालकऱ्याला ओढत आत घेते. एका खोलीत दोन पेशंटला एक माणूस चालतो. आमच्याकडे रोज चालतं."

आम्ही तिघांनी आटपाडीकराकडे बघितलं. नियम त्याचा होता. तो खरोखर विचार करत होता, एखाद्या मोटारीचा आवाज ऐकून दोष शोधावा तसा. "चालतं," तो शेवटी म्हणाला. "मी आटपाडीला गेल्तो तवा शेजारच्या खाटंपाशी बसलेल्या बाईनंच आईला पाणी पाजलं. आई ते सांगत न्हाई कुणाला."

तीन जिवांच्या चोराने चिलखतातला माणूस ओढणं सोपं नसतं. फासा टाकायला लागला. पहिला पडला दोन. दुसराही कमी. सुभेदार म्हणाले, मी जरा पायानं रेटा देतो. तुम्ही बेशुद्ध आहात, मी म्हटलं. गाडीची वेळ होत आली होती. मी सांगितलं की पायऱ्यांवर शेवाळ आहे, दगड गुळगुळीत आहे, ओढायला फारसं बळ लागत नाही. पायऱ्या चढत्या होत्या. शेवाळावर माणूस वर ओढणं सोपं कसं, असं कुणीही विचारू शकलं असतं. कुणी विचारलं नाही. तिसरा फासा पुरला.

ती आत आली, खुर्चीवर बसली. सुभेदारही बसले, बेशुद्धच, कान टवकारून. मी परिच्छेद पहिल्यापासून वाचला. कुणी मध्ये बोललं नाही. सोबती परत येतील, तेव्हा त्यांना अंधारात गड सापडावा म्हणून तो दिवा लावतो, इथे तो संपतो. सिस्टरने डोळे पुसले नाहीत, हसलीही नाही. विचारलं, "तेल कुठनं आणतो तो?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो.

"बघते मी," ती म्हणाली. "याला कुठंही हलवायचं नाही. शहरात नाही, कुठंच नाही. इथं मी आहे."

सुभेदारांनी पिशवी उचलली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. आटपाडीकर अजून खाटेपाशीच होता.

"आनि मी काय करू?" त्याने विचारलं.

"तू घरी जा. आंघोळ कर, झोप जरा. येताना डबा घेऊन ये."

मंगळवारी ती गेली. पुढच्या रविवारी आम्ही तिघंच बसलो. मी नवी गोष्ट तयार करून आणली होती. समुद्र होता, जहाज होतं, कुठेही दवाखाना नव्हता, आणि पहिल्याच पानावर मी नियम लिहिला होता की रात्रभर झोपलं की सगळा जीव परत मिळतो. सुभेदारांनी चष्मा काढला. आटपाडीकराने ऐकूनच घेतलं नाही. तो फासा घेऊन बसला होता, आणि त्याचा जादूगार डबा घेऊन गड चढत होता.